थोरल्याची ओळ

धाकट्या भावाच्या लग्नात संगीताच्या कार्यक्रमाला वाजणारं गाणं मीच तयार करायचं, हे मला कुणी विचारलं नाही, ते गृहीतच होतं. जबलपुरात लग्नांना साउंड लावणं आणि महाराजपुरातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत रेकॉर्डिंग करणं हा माझा धंदा. ग्वारीघाटावरचे पंडितजी आपल्या आरत्या माझ्याकडून साफ करून घेतात. आई या सगळ्याला 'त्याचं ते वाजवणं' म्हणते. धाकटा सरकारी नोकरीत आहे. त्याचा विषय निघाला की तिचा आवाज आपोआप एक पट्टी वर चढतो.

गाणं आत्याचं. आमचं घर मूळचं वऱ्हाडातलं. इथं येऊन इतकी वर्षं झाली की नव्या पोरांना मराठी समजते, पण तोंड उघडलं की हिंदी बाहेर पडते. हळदीची गाणी मात्र आत्यानं सोडली नाहीत. या गाण्यात घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याला एक ओळ येते, आणि ती ओळ टोचणारी असावी लागते. आधीपासून ठरलेलं काही नसतं. समोर बसलेल्याकडे आत्या बघते आणि तिथल्या तिथं जुळवते. कुणी राग मानायचा नाही असा नियम आहे, आणि तो टोचणाऱ्यांनीच केलेला आहे.

रेकॉर्डिंगच्या दिवशी आत्या मागच्या खोलीत गादीवर मांडी घालून बसली. शेजारच्या काकू ढोलकीवर, बाकीच्या बायका टाळ्या द्यायला. काकांच्या घोरण्यावर एक ओळ झाली, आईच्या काटकसरीवर एक झाली. मग आत्यानं मान माझ्याकडे वळवली. मी कोपऱ्यात हेडफोन लावून बसलो होतो, त्यामुळे माझ्यावरची ओळ त्या खोलीत सगळ्यात स्पष्ट मलाच ऐकू आली.

थोरला पाहाले गेला नवा सदरा घालून,
धाकटा घेऊन आला नवरी गाडीत बसवून!

बायका इतक्या हसल्या की ढोलकी थांबली. आई तोंडाला पदर लावून हसत होती. मी रेकॉर्डिंग बंद केलं नाही. बंद केलं असतं तर लागलं म्हणाले असते.

ओळ खोटी असती तर मीही हसलो असतो. दिवाळीनंतर आम्ही बालाघाटला मुलगी पाहायला गेलो होतो, माझ्यासाठी. आईनं मला निळा सदरा घेतला होता. गाडी मीच चालवली, कारण धाकट्याला लांबचं जमत नाही. मुलीच्या वडिलांनी सगळे प्रश्न धाकट्यालाच विचारले. मला वाटलं, होणाऱ्या जावयाशी बोलायला बिचारे संकोचत असतील. मुलगी पोहे घेऊन आली. मी एकदाच नीट पाहिलं आणि मला ती आवडली. परतताना गाडीत मी गुणगुणत होतो, हे आठवलं की आजही स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते. काही दिवसांनी निरोप आला की मुलगी द्यायला तयार आहोत, पण धाकट्याला. आईनं डाळ निवडता निवडता मला ते सांगितलं. "काय करणार बाबू, दुनिया नोकरी पाहते. चलो, स्थळ तर घरातच राहिलं ना!"

त्यानंतर घरात या विषयावर कुणी अवाक्षर काढलं नाही. पत्रिका छापल्या, हॉल ठरला, साउंड कुणाचं हे तर विचारायचंच नव्हतं. पहिल्यांदा कुणी काही बोललं ते आत्या, आणि तीही तालासुरात.

मिक्सिंग म्हणजे प्रत्येक आवाजाला त्याची त्याची जागा देणं. मी त्या ओळीला ढोलकीच्या खाली जागा दिली. तिथं टाळ्या वाढवल्या, मागून सनई आणली आणि आत्याचा आवाज असा दाबला की ओळ सुरू झालेली कळावी आणि पुढे बुडून जावी. सरळ कापली असती तर आत्यानं घर डोक्यावर घेतलं असतं. गाणं मी घरच्या ग्रुपवर टाकलं आणि निश्चिंत झालो. आमच्या घरात सुराशी कुणाला देणंघेणं नाही. इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल कुणी एक प्रश्न विचारलेला नाही. त्या दिवशी मात्र सगळ्यांचे कान एकदम तयार झाले.

आत्याचा आवाजी निरोप पहिला आला. "बाकी मस्त झालं रे. पण थोरल्याच्या ओळीत माझा आवाज काहून पडला? मी तर जोरात गायली होती."

मग काका म्हणाले की मधलं एक कडवं गायबच झालं आहे. धाकट्यानं लिहिलं, "दादा, बेस वाढव. आणि ती ओळ राहू दे ना, मजाक आहे." नाच बसवायला एक दीदी येत असे, तिनं तर फोनच केला. "भैया, वही तो लाइन है! उसी पे सब लोग आपकी तरफ उंगली दिखाएँगे। उसको दो बार रिपीट कर दो ना, प्लीज।" आईनं स्वयंपाकघरातूनच ओरडून सांगितलं, "ओळ ऐकू नाही येत. वर घे."

मी थोडी वर घेतली. अजून वर घे, असं उत्तर आलं. आणखी थोडी घेतली. तेव्हा सनईवर घसरले, की ती नेमकी तिथंच काहून वाजून राहिली. ही ओळ तुला चालेल का, असं कुणी एकदाही म्हणालं नाही. माझा अपमान नीट मिक्स झाला नाही, एवढीच सगळ्यांची तक्रार होती. स्पीकर उचलून अंगणात फेकावा इतका राग आला. पण स्पीकर माझाच होता.

दीदीनं ते गाणं बालाघाटलाही पाठवलं होतं, कारण शेवटच्या कडव्यावर नवरीनं नाचत आत यायचं होतं. दुसऱ्या दिवशी तिचा, म्हणजे त्या मुलीचा, मला फोन आला. नंबर पाहताच मी उचलला. मनात म्हटलं, हिला तरी हे बोचलं असेल. ही म्हणेल, काढून टाका. तिच्या एका शब्दावर मला ती ओळ कापता आली असती, आणि आत्याला काय, आईलासुद्धा तोंड उघडता आलं नसतं.

"दादा, गाना तो बहुत प्यारा झालं आहे," ती म्हणाली. "एक विचारू? ती थोरल्याची ओळ आहे ना, तिचा मतलब काय? मम्मी विचारून राहिली होती."

"मतलब काय म्हणजे? पाहायला मीच आलो होतो ना तुम्हाला."

ती हसली. टोचून नाही, खरीच गंमत वाटल्यासारखी हसली. "काहीतरीच दादा! आमच्याकडे फोटो तर यांचाच आला होता. दसऱ्याच्या टाइमाला तुमच्या आईंनीच पाठवला होता. पप्पांनी तेव्हाच हो म्हटलं होतं. तुम्ही तर गाडी घेऊन आले होते ना सोबत?"

"हो," मी म्हणालो. "गाडी घेऊन आलो होतो."

"अच्छा, तेच तर! मग मम्मीला सांगते, मजाक आहे म्हणून. आणि ती ओळ काढू नका हं, दीदीनी मला त्यावर स्टेप दिली आहे."

मी फोन ठेवला. इतके महिने मी समजत होतो की मला नाकारलं. नाकारायला माणूस आधी पुढे करावा लागतो. थोरला बिनलग्नाचा बसलेला असताना धाकट्यासाठी मुलगी पाहणं बरं दिसत नाही, म्हणून मला नवा सदरा घालून नेलं होतं. म्हणजे घरात कुणी काही केलं नाही, जे केलं ते बालाघाटच्या लोकांनी केलं, असं मलाही वाटावं आणि गावालाही. त्या बैठकीत बसलेल्या सगळ्यांत, आपण माझ्यासाठी आलो आहोत असं समजणारा कदाचित मी एकटाच असेन.

मी मशीन सुरू केलं. त्या ओळीखालून सनई काढली, टाळ्या काढल्या, ढोलकी काढली. आत्याचा नुसता आवाज ठेवला, शब्दन्‌शब्द कळेल असा कोरडा. आणि आईला हाक मारली.

ती हात पुसत आली. मी माझ्या हातानं तिच्या कानाला हेडफोन लावला आणि समोर बसून तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. त्या चेहऱ्यावर काहीतरी हलायला हवं होतं. मला तेवढंच बघायचं होतं, मग पुढचं काहीही झालं असतं तरी चाललं असतं. ओळ आली. आई मानेनं ठेका धरून ऐकत होती.

"आता झालं बरोबर," ती म्हणाली. "मी काहून मागं लागली होती, समजलं? एकदा हॉलमधे सगळे हसले की गोष्ट संपते. नाहीतर लोक जन्मभर विचारत बसतील, मोठ्याचं काहून नाही झालं."

"बालाघाटला फोटो कोणाचा पाठवला होता?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. ती घाबरली नाही की चिडली नाही. भाजीचा भाव सांगावा तशी म्हणाली, "ज्याचं जमणार होतं, त्याचा."

मग सरकलेला हेडफोन तिनं पुन्हा नीट कानावर बसवला. "परत लाव एकदा. आणि पुढे ती ढोलकी जरा कमी कर. नाचणाऱ्यांना शब्द समजले पाहिजे."

मी ढोलकी कमी केली आणि परत लावलं.