चौकाच्या अलीकडे उभा टेम्पो

हे मी आजपर्यंत कुणापाशी बोललेलो नाही. मंगलपाशीसुद्धा नाही, आणि तिच्याशी माझा सव्वीस वर्षांचा संसार आहे. मुलीपाशी नाही. सकाळी देवापुढे हात जोडतो तेव्हाही एवढा एक विषय वगळून बोलतो — सराव झालाय त्याचा. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. आणि गेल्या सोमवारी दुकानाचं शटर उघडलं तेव्हा खाली एक कागद पडलेला होता, म्हणून.

कागद तसा साधाच. आमच्या रहाटणीच्या रस्त्यावर बसची स्वतंत्र लेन पलीकडून चौकापर्यंत येऊन संपते. चौकाच्या अलीकडे आमच्या दुकानांचा पट्टा आहे, तिथे बस, रिक्षा, टेम्पो, पाणीपुरीची गाडी, सगळे एकाच रस्त्यात. ती लेन आमच्या दारावरून पुढे न्यायची का, यावर महापालिकेने लोकांची मतं मागवली आहेत. नाव, पत्ता, सहमत की असहमत, आणि खाली कारणासाठी चार ओळी.

चार ओळी. दिवसभर मी तो कागद गल्ल्यावर ठेवून बसलो होतो. घडी घालायचो, उलगडायचो. एका गिऱ्हाइकाला तर मी त्या तंद्रीत बाथरूमसाठी ग्लॉसी टाइल दाखवली. पाय घसरून पडेल माणूस — वीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं.

दुपारी बबनशेठ आले. आमच्या शेजारी त्यांचं मिठाईचं दुकान आहे. गावातलं जुनं घराणं, मनाने वाईट माणूस नाही. आल्या आल्या म्हणाले, "प्रकाशराव, शनिवारी सभा हाय. आवंदा बी तूच बोलायचं. आपली ती अँब्युलन्सची गोष्ट सांगायची, बास. बाकी कायबी नको. मागच्या येळंला कसं सगळं गपगार झालतं!"

आपली गोष्ट, म्हणाले ते. मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मलाही कळलं नाही. त्यांना ती हो वाटली.

आता ती गोष्ट सांगायला हवी. पण त्याआधी — अण्णा.

अण्णा म्हणजे माझे वडील. लातूरकडून इकडे आले, पिंपरीतल्या एका कारखान्यात टर्नर म्हणून लागले, तिथूनच रिटायर झाले. सगळी नोकरी बसने केली. रिटायर झाल्यावर ज्येष्ठांचा पास काढला आणि आठवड्यातून एकदा आळंदीला जाऊन यायचे. देवासाठी जायचे की खिडकीच्या जागेसाठी, देव जाणे. मी म्हणायचो, गाडीने सोडतो. तर म्हणायचे, "तुझ्या गाडीतून पुढच्या गाडीची पाठ दिसती नुसती. बसमधून गाव दिसतंय."

त्यांच्या या हौशीला आमच्या घरात एकच माणूस साथ द्यायचं, तेही घरातलं नव्हे. वरच्या मजल्यावरच्या सुनंदाताई. त्या चाकणला जातात, गाड्यांचं वायरिंग तयार करणाऱ्या कंपनीत. दोन बस बदलून. नवरा अंथरुणाला खिळलेला, त्याचं सगळं आवरून बाहेर पडायचं. कंपनीच्या गेटवर थोडाही उशीर झाला की अर्धा दिवस गेला म्हणून समजा. कोणती बस कुठे अडकते, कोणता कंडक्टर बाईमाणसासाठी थांबतो, यावर त्यांची आणि अण्णांची जिन्यात उभ्याने तास-तास चर्चा चालायची. बस लेन वाढवायची बातमी त्याच दिवसांत पहिल्यांदा आली होती. अण्णा म्हणायचे, "ताई, ही लेन व्हायलाच पाहिजे. तुमचा अर्धा तास वाचतोय." आणि माझ्याकडे बघून हसायचे, कारण आमच्या दुकानदारांचा लेनला विरोध होता, हे त्यांना ठाऊक होतं. लेन झाली की दुकानासमोर गाड्या लावता येणार नव्हत्या. एवढंच कारण होतं. मोठं काही नव्हतं, हेही लिहून ठेवतो.

चार वर्षं झाली त्या दिवसाला. दुपारची वेळ. दुकानासमोर गिऱ्हाइकांच्या गाड्या होत्या, म्हणून माझा नवाच घेतलेला, अजून दुकानाचं नावही न घातलेला टेम्पो मी रस्त्यातच, दुसऱ्या रांगेत उभा केला. आमच्याकडे सगळेच करतात. दोन्ही बाजूंचे इंडिकेटर लुकलुकत ठेवले की मनाला बरं वाटतं — जणू कुणीतरी परवानगी दिली आहे. गाडी लॉक केली, किल्ली पँटच्या खिशात टाकली, आणि तेवढ्यात मंगलचा फोन. अण्णा मोरीत पडलेत, बोलत नाहीत.

मी तसाच घराकडे पळालो. पाच मिनिटांचं अंतर. अँब्युलन्स पिंपळे सौदागरकडून, मागच्या बाजूने आली, लवकर आली. अण्णांना आत घेतलं. सुनंदाताईंची दुसरी पाळी होती, त्या डबा भरत होत्या, तो तसाच टाकून खाली धावत आल्या. मंगल आणि त्या मागे बसल्या. सुनंदाताईंनी अण्णांचे तळपाय मांडीवर घेतले आणि चोळायला लागल्या. मी पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी.

इथपर्यंत सगळं मी लोकांना सांगितलेलं आहे. इथून पुढचं नाही.

दुकानांच्या पट्ट्यात आलो आणि गाडी थांबली. सायरन चालू, पण पुढे कुणी हलेना. समोरून एक बस आलेली, आमच्या बाजूने रिक्षा, कार, आणि मध्ये — तुम्ही ओळखलंच असेल. निळा टेम्पो. दोन्ही इंडिकेटर लुकलुकताहेत. निम्मा रस्ता त्याने खाल्लेला.

ड्रायव्हर माझ्याच वयाचा होता. त्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. मग खिडकीतून बाहेर वाकून ओरडला, "अरे कुणाचा टेम्पो आहे हा? माणूस मरतोय इथं!" लोक गोळा झाले. कुणी टायरला लाथ मारली. कुणी टेम्पोवाल्याच्या आईबहिणीचा उद्धार केला. एक जण म्हणाला, सापडू दे, इथंच तुडवू. ड्रायव्हर माझ्याकडे वळला. "तुम्ही इथलेच ना? ओळखता का कुणाचाय?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

किल्ली माझ्या खिशात होती. बसल्यामुळे ती मांडीत रुतत होती. मला ती अजून रुतते — पँट बदलली, टेम्पो विकला, तरी.

का म्हणालो मी तसं? किती वेळा विचारलंय स्वतःला. मार खायची भीती? होती. शरम? तीही होती. पण त्याहून एक विचित्र गोष्ट होती. पहिल्या क्षणी वाटलं, आत्ता निघेल रस्ता, कशाला बोभाटा. आणि एकदा "माहीत नाही" म्हटल्यावर पुढच्या मिनिटाला किल्ली काढायची कशी? दोन मिनिटांनी? चार मिनिटांनी? प्रत्येक मिनिटाबरोबर ती किल्ली जड होत गेली. मागून मंगल काच ठोकत होती, "अहो, काय झालं, बघा ना!" मी रुमालाने तोंड झाकलं आणि सीटमध्ये खाली सरकलो, शेजारच्या दुकानातलं कुणी बघू नये म्हणून. लोकांना वाटलं, रडतोय.

उतरून गाडी पुढे घ्यायला एक मिनिट लागलं असतं. आम्ही तिथे दहा मिनिटं होतो. त्याहून जास्तही असेल. मी घड्याळाकडे बघितलं नाही.

रस्ता शेवटी कुणी काढला, सांगू? समोरच्या बसच्या कंडक्टरने. तो खाली उतरला, शिट्टी वाजवत एकेका कारला मागे घ्यायला लावलं, स्वतःची बस फुटपाथला घासून घेतली, आणि आम्हाला हाताने पुढे बोलावलं. शेजारून जाताना त्याने माझ्याकडे बघून छातीला हात लावला. काळजी करू नका, अशा अर्थाने.

चौक ओलांडल्यावर ड्रायव्हरने गाडी बसच्या लेनमध्ये घातली. रिकामी लेन. तिथून दवाखान्यापर्यंत ब्रेकसुद्धा लागला नाही. हेही मी कधी कुणाला सांगितलं नाही.

अण्णा संध्याकाळी साडेपाचला गेले. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झाला होता. आधी आणलं असतं तर काय झालं असतं, हे ते आपणहून बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही. मंगलला वाटलं, मला बोलवत नाहीये. मला ते उत्तर नको होतं.

दुसऱ्या दिवशी सगळं आटोपल्यावर मी दुकानावर गेलो. टेम्पो तिथेच होता. इंडिकेटर विझले होते, बॅटरी उतरली होती. पुढच्या काचेवरच्या धुळीत कुणीतरी बोटाने लिहिलं होतं — "निर्लज्ज." मी रुमालाने ते पुसलं. तोच रुमाल. महिन्याभरात टेम्पो विकला. गाडी लाभत नाही म्हणालो, कुणी जास्त विचारलं नाही.

एवढ्यावर थांबलं असतं, तर ते माझं आणि अण्णांचं राहिलं असतं. पण तीन महिन्यांनी शाळेच्या हॉलमध्ये लेनवर सभा झाली. बबनशेठ म्हणाले, तुझ्यावर बेतलंय, तू बोल, तुला न्हाई म्हनायची कुनाची टाप न्हाई. आणि मी, जो चार वाक्यं धड बोलत नाही, तो माइकपुढे उभा राहिलो. म्हणालो, माझ्या वडिलांची अँब्युलन्स चौकापलीकडे बसच्या लेनमुळे अडकली. लेनच्या रेलिंगमुळे तिला वळता येईना. लेनने रस्ता खाल्ला, माझे वडील गेले. ही लेन आमच्या दारात आणू नका.

लोकांनी माना खाली घातल्या. एका म्हातारीने डोळ्यांना पदर लावला. आणि मला त्या क्षणी बरं वाटलं. वाटलं, खरंच असंच झालं असेल.

माझ्यानंतर सुनंदाताईंचं नाव पुकारलं. त्या एक दिवसाचा पगार सोडून आल्या होत्या. हातात कागदांची चळत होती, त्यांच्या स्टॉपवरच्या बायकांच्या सह्या. कित्येक महिने जमवत होत्या. सगळ्यांत वरची, पहिली सही मात्र अण्णांची होती, जायच्या आधी केलेली. त्या माइकपाशी आल्या, कागद सरळ केले, आणि मग माझ्याकडे बघितलं.

"मला लय बोलायचं होतं," त्या म्हणाल्या. "पण भाऊंच्या घरचं दुःख मी डोळ्यांनी बघितलंय. आण्णांचे पाय माझ्या हातात होते. त्यांच्यासमोर मी काय म्हणू? मला काही म्हणायचं नाही."

कागद त्यांनी पर्समध्ये ठेवले. जागेवर जाऊन बसल्या. लेनचा विषय त्या दिवशी बाजूला पडला, तो गेल्या सोमवारपर्यंत.

त्या मागे बसल्या होत्या ना — मागून त्यांना टेम्पो दिसला नव्हता. दिसला असता तर? मला कधी कधी वाटतं, दिसला असता तर बरं झालं असतं.

आता पहाटेच्या पाळीला त्या पूर्वीपेक्षा अर्धा तास आधी निघतात. मी दुपारी जेवून परत शटर उघडतो तेव्हा दुसऱ्या पाळीच्या दिवसांत समोरच्या स्टॉपवर दिसतात. दुसऱ्या रांगेत लावलेल्या गाड्यांमुळे बस दिसत नाही, म्हणून रस्त्यात उतरून, मान लांब करून बघतात. मागून मोटारसायकली त्यांना घासून जातात. मला बघितलं की तिथूनच हात करतात. अण्णांच्या श्राद्धाला दरवर्षी न बोलावता येतात, मंगलला वड्या करू लागतात.

बुधवारी त्या जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "भाऊ, तो कागद तुम्हालाबी आला का? बायका मला म्हणतात, ताई, तू बोल. मी म्हणलं, मी न्हाई बोलणार. भाऊंना त्रास होईल."

मी "बरं" म्हणालो. विचार करा — मी "बरं" म्हणालो.

काल रात्रीपर्यंत माझा बेत असा होता की कागदावर "सहमत" लिहायचं आणि गुपचूप मतांच्या पेटीत टाकायचं. चार ओळी कोऱ्या ठेवायच्या. बबनशेठना सांगायचं, घसा बसलाय. लेन होईल, कुणाला काही कळणार नाही. मग लक्षात आलं, हाही रुमालच आहे. मी परत सीटमध्ये खाली सरकतोय.

आज शुक्रवार आहे. कागद अजून गल्ल्यावरच आहे. उद्या काय होईल ते मला माहीत नाही, आणि हे शब्द मी या वेळी खरे वापरतोय.

माझ्याकडे बाकी आहे ते एवढं: त्याच हॉलमध्ये, त्याच माइकवर, मंगल आणि सुनंदाताई समोर बसलेल्या असताना सांगायचं की टेम्पो माझा होता आणि किल्ली माझ्या खिशात होती. ते मी अजून सांगितलेलं नाही.