वाळ्याचा पेला

माठात वाळ्याची जुडी टाकली की त्या गार, मातकट वासातून मला नगरच्या मिशन दवाखान्याचा दगडी हॉल दिसू लागतो. दुष्काळातला उन्हाळा होता. मी तिथं नर्सिंग शिकत होते. किडनीच्या रोग्यांच्या शुश्रूषेवर परिषद भरली होती आणि मुंबईहून बोलायला आलेल्या तज्ज्ञ सिस्टरांना पाणी द्यायचं काम माझ्याकडे होतं. खिडकीतून लिंबाचा मोहोर आत गळत होता, पंखा झोपेत असल्यासारखा फिरत होता. सिस्टरांनी पेल्यात दोन बोटं बुडवली, ओठांवरून फिरवली आणि पेला भरलेलाच खाली ठेवला. "आपल्या हातचं पानी चालत न्हाई वाटतं यांना," दारातल्या मावशी पुटपुटल्या. आम्ही ख्रिस्ती, असे भरलेले पेले परत उचलायची आमच्या घरांना सवयच होती. मग सिस्टर बोलायला उभ्या राहिल्या. अशा रोग्याला दिवसाचं पाणी मोजून मिळतं, सांगत होत्या; तहान सोसेना झाली की नुसते ओठ ओले करायचे. आवाज खोल विहिरीतून यावा तसा येत होता, आणि मी त्यांच्या सुजलेल्या पावलांत रुतलेल्या चपलांच्या पट्ट्यांकडे बघत राहिले. भाषण संपल्यावर त्यांनी मला खुणेनं बोलावलं. "दे गं आता तो पेला. वाळ्याचा वास आला तेव्हापासून आजचं माझं पाणी त्याच्यासाठी राखलंय." डोळे मिटून, घोट घोट करत त्या प्यायल्या. अजूनही कुणाला पाणी दिलं की पेला रिकामा होईपर्यंत माझा पाय तिथून निघत नाही.