पवित्र गुरुवारचे पाय

१९९८ साल, मी एकाहत्तरचा. पवित्र गुरुवारी आमच्या गावच्या चर्चमध्ये फादर बारा माणसांचे पाय धुतात, येशूने आपल्या बारा शिष्यांचे धुतले तसे. तीस वर्षं त्यांत माझे होते, केळीच्या वाडीतून तसेच आलेले, चिखलाचे. जुने फादर हसायचे, "पेद्रू, तुझं पाणी निराळं आणायला हवं."

नव्या फादरांनी माझं नाव काढलं. म्हणाले, "काका, आता इतरांना बसू द्या."

मागच्या बाकावरून मी बघितलं. बाराही जण घरूनच पाय घासून आलेले, टाचा गुळगुळीत. तांब्यातलं पाणी घमेल्यात पडलं तरी स्वच्छच. धुण्यासारखं ज्याच्यापाशी काही नाही, त्यालाच आताशा पुढे बसवतात.

दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे. त्या दिवशी आमच्यात कोणी मातीला फावडं लावत नाही, पाप मानतात. मी सकाळीच वाडी खणायला घेतली.