दोन घागरींचं हिरवं ताट

रंगाच्या बाबतीत निंबा सोनवण्याशी वाद घालायचा नाही, हे सुरतेत बमरोलीच्या मिलमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. तीस वर्षं हा माणूस कापडाचे रंग कालवतोय. व्यापाऱ्यानं नमुन्याचा तुकडा टाकला की निंबा तो उचलून थेट दारात, उजेडात नेणार. ट्यूबलाइटखाली रंग बघणाऱ्यांचा त्याला भारी राग. दोनदा तुकडा उलटसुलट करायचा आणि कुठला रंग किती घालायचा ते सांगून मोकळा. रंग मोजायचं मशीन मागाहून तेच सांगायचं.

असल्या माणसाला एका रंगानं मात्र हरवलं. सतरा-अठरा वर्षांपूर्वी रांदेरला एक जुनं घर पाडत होते, तिथल्या ढिगाऱ्यात त्याला एक फुटकी खापरी दिसली. हिरवी, पण कसली हिरवी! शेवग्याची कोवळी शेंग पाण्यात धरावी तशी. महिनाभर त्यानं तो रंग कापडावर उतरवायचा खटाटोप केला. नाही जमला. मग त्याच्या ध्यानात आलं, की हा रंग वरून फासलेला नाहीच, काचेसारख्या जाड थरात आत मुरलेला आहे. झालं! त्या दिवसापासून सुट्टी मिळाली की स्वारी भंगारवाल्यांच्या मागे.

बघता बघता गोडादरा भागातल्या त्याच्या घरात टीव्हीवरच्या फळीवर अकरा नग जमले. वाट्या, एक बुटकी सुरई, दोन झाकणं. भांडं उपडं करून बुडाची कडा बघायची, काचेची झिलई नसते तिथली माती भट्टीत भाजून तांबूस झालीय का ते तपासायचं, नखानं टिचकी मारून आवाज ऐकायचा, हे सगळं तो आपलं आपण शिकला. सुरत म्हणजे जुनं बंदर, चीनची भांडी इथं जहाजांतून उतरायची, असं तो येईल-जाईल त्याला ऐकवायचा. ऐकणारा चहा पिऊन हसत निघून जायचा. गल्लीत त्याला मागून ‘बरणीवाला’ म्हणत. निंबाला ते ठाऊक होतं. दाखवायचा नाही, पण लागायचं त्याला.

सगळ्यांत लाडकं मात्र बारावं, एक ताट. पसरट, जड, आणि मधोमध झिलईखाली उठावाचे दोन मासे, एकमेकांच्या मागे फिरणारे. हातगाडीवाल्या लक्ष्मणकडून त्यानं ते घेतलं, ते घरातल्या दोन स्टीलच्या घागरी देऊन. घागरी सरलाबाईच्या माहेरच्या. त्या संध्याकाळी घरात काय महाभारत झालं ते विचारू नका. शेवटी सरलाबाईनं निवाडा केला, की बाकीची खापरं तुमची, ताट माझं. आणि ते टीव्हीवरून उचलून तिनं स्वयंपाकघरातल्या मांडणीवर लावून टाकलं.

आता गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. चौक बाजारच्या किल्ल्यात जुन्या भांड्यांचं प्रदर्शन भरलं होतं. निंबा गेला, आणि तिथल्या बाईंना म्हणाला की तुमचे दिवे पिवळे आहेत, या दिव्यात हा हिरवा मरतो, ताटं खिडकीपाशी ठेवा. बाई बडोद्याच्या, मराठीच, नाव वर्षाताई. आयुष्य याच भांड्यांच्या अभ्यासात गेलेलं. त्यांनी दिवा बंद करून एक वाटी खिडकीशी नेली, बराच वेळ बघितली आणि निंबाचा फोन नंबर लिहून घेतला. असल्या हिरव्या भांड्यांना चिनी लोक काय म्हणतात, इंग्रज सेलाडॉन का म्हणतात, सगळं सांगितलं. मे महिन्यातल्या एका रविवारी घरी यायचं कबूल केलं. निंबाला दुसरं काही नको होतं. ज्याला कळतं अशा एका माणसानं एकदा म्हणावं, की निंबा, तुझी नजर खरी आहे. आणि ते म्हणायला लावणार होतं ताट.

आदल्या शनिवारी सकाळी बघतो तर मांडणीवर ताट नाही.

सरलाबाई शांत. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मांडे केले होते, ते शेजारच्या उषाबाईकडे धाडले, तिनं सांगितलं. घरातली बाकी ताटं आधीच गल्लीत फिरत होती, म्हणून हे दिलं. माझं ताट, मी दिलं. आणि उषाबाई? ती तर आखाजीनंतर चौथ्या दिवशी बिऱ्हाड घेऊन सुरतेबाहेर कामरेजला गेलेली. तिच्या नवऱ्याचे, सखारामचे, माग तिकडे हलले होते.

निंबानं सखारामला फोन लावला तर तो म्हणतो, कुठलं ताट? बायकांचं मला काय माहीत. टेम्पोत भरलेला संसार, चिनी माती, रस्त्यातले खड्डे... निंबाच्या डोळ्यांपुढे ठिकऱ्याच आल्या. पण रडत बसणाऱ्यातला तो नव्हे. पायात चपला सरकवल्या आणि कामरेजची बस धरली.

उषाबाईची खोली पत्र्याची, दारात सरपण. भाऊ आले म्हणून तिनं आधी पाणी दिलं. निंबानं घोट घ्यायच्या आधी ताटाचं विचारलं. तिनं देवाच्या फळीकडे बोट केलं. जुन्या लुगड्याच्या फडक्यात, देवांशेजारी, ताट अख्खं होतं. टेम्पोत ते तिनं मांडीवर घेऊन आणलं होतं. निंबानं हात पुढे केला, पण बाईनं ताट हातात दिलं नाही.

“रिकामं कसं देऊ भाऊ?” उषाबाई म्हणाली. “वैनींनी भरून धाडलेलं. इथं अजून गॅस लागला न्हाई, तळणाचा घाणा झाला न्हाई, म्हणून तर राहिलं. बसा जरा.”

निंबाच्या तोंडावर आलं होतं की बाई, सहाशे वर्षांचं भांडं आहे, तुझे उपचार राहू दे. पण ज्या बाईला किंमत ठाऊक नव्हती तिनंच ते देवाजवळ ठेवलं होतं. तो दीड तास बसला. उषाबाईनं तीन दगडांची चूल पेटवली आणि ज्वारीच्या पिठाचे, लसूण-मिरची घातलेले धपाटे थापले. तेलानं चमकणारी चळत ताटात रचली. बसमध्ये निंबा ते मांडीवर धरून आला, आणि दोन्ही पाय भाजत असताना एकदाही हलला नाही.

घरी येऊन ताट घासायला काढलं तर सरलाबाई आडवी आली. उद्या पाव्हणी येतेय, भरून आलेलं ताट तिच्यापुढे भरलेलंच जाईल. निंबानं पुष्कळ डोकं आपटलं. बाई ढिम्म.

रविवारी वर्षाताई आल्या. अकरा नग त्यांनी दारातल्या उजेडात एकेक करून बघितले. तीन नवे निघाले, पन्नास वर्षांच्या आतले. दोन निंबानं मान्य केले, सुरईवरून भांडला. मग सरलाबाईनं धपाट्यांचं ताट त्यांच्यापुढे ठेवलं. भूक लागलेली, गप्पा रंगलेल्या. ताईंनी ताटाकडे बघितलंच नाही. निंबा भिंतीला टेकून उभा. त्यानं तोंड उघडलं नाही. खरी नजर असेल तर आपोआप दिसेल, असा त्याचा हट्ट.

ताईंनी शेवटचा धपाटा उचलला आणि हात तिथंच थांबला. खाली तेलात चकाकणारे दोन मासे.

त्यांनी घाईनं हात धुतले, ताट पुसून उपडं केलं, बुडाची तांबूस कडा बोटानं चाचपली. दारापाशी नेलं. मग तिथंच उंबऱ्यावर बसल्या.

“पंचवीस वर्षं असली ताटं काचेआडून बघतेय,” त्या म्हणाल्या. “जेवले आज पहिल्यांदा. अस्सल आहे निंबाभाऊ. तुमची नजर खरी आहे.”

“मी कुठं नाही म्हणतोय,” निंबा म्हणाला, आणि डोळे पुसायला मोरीकडे गेला.

परत आला तेव्हा ताई विचारत होत्या, की बडोद्याला सहा महिने मांडायला ताट द्याल का? खिडकीपाशी ठेवीन, नाव तुमचंच लिहीन. निंबानं सरलाबाईकडे बघितलं. मालकीण ती. गल्लीत मागून हसणारे डोळ्यांपुढे आले तरी त्यानं हो म्हणून मान हलवली नाही, तिच्यावर सोडलं.

सरलाबाई ताट घेऊन आत गेली. धुतलं, कोरडं केलं, डब्यातून उडदाचे पापड काढून त्यात रचले आणि वरून उषाबाईचंच फडकं बांधलं.

“न्या ताई,” ती म्हणाली. “यांचं नि माझं, दोघांचं नाव लिहा. आमचं ताट आहे. आणि रिकामं नका धाडू.”

निंबानं ते ‘आमचं’ ऐकलं. इतक्या वर्षांनी घागरी फिटल्या होत्या.