सकाळी घेऊ नका

मी मुळातच भित्री. गॅस बंद केला का, हे बघायला अर्ध्या रस्त्यातून घरी परतणाऱ्यांपैकी. पेणमधल्या ज्या लहानशा हॉस्पिटलात मी रिसेप्शनवर बसते, तिथल्या डॉक्टरांनी एकदा सांगितलं की ऑपरेशनआधीच्या सूचना यापुढे मेलवर पाठवायच्या आणि ते मेल मी तयार करायचे. नाही म्हणावंसं वाटलं. पण कागद लोक हरवायचे, रिक्षात विसरायचे. एका बाईंनी तर त्यात सुकट बांधून ठेवली होती. डॉक्टरांचं म्हणणं खोटं नव्हतं.

मग चाळिशी उलटल्यावर मी व्हिडिओ बघून शिकायला बसले. शिकवणाऱ्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की वेबसाइट बनवणं सोपं, मेल बनवणं कठीण. कॉम्प्युटरवर जे शेजारी शेजारी दिसतं, ते फोनच्या अरुंद पडद्यावर एकाखाली एक घसरतं, आणि कसं घसरेल हे तुम्ही आधीच कोडमध्ये लिहून ठेवायचं असतं. त्यातही प्रत्येक फोनची आपली वेगळी तऱ्हा. एकावर अक्षरं मुंगीएवढी व्हायची, दुसऱ्यावर ओळीचं शेपूट कापलं जायचं. मी हॉस्पिटलभर फोन मागत फिरायची. सिस्टर मला बघितलं की फोन पदराआड लपवायच्या.

कसे दिसतात ते बघायला हे मेल मी रोह्याला बाबांनाही पाठवायची. बाबा शाळेतून निवृत्त झालेले, घरी एकटेच. त्यांचं उत्तर पत्रासारखं यायचं: मेल पोचला, अक्षर ठळक आहे, हिरवा रंग जरा भडक वाटतो, बाकी उत्तम. मुलगी काहीतरी नवीन शिकतेय याचा त्यांना फार आनंद होता. शेजाऱ्यांनाही दाखवत असणार.

मेलमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग गोळ्यांचा होता. ऑपरेशनच्या दिवशी माणूस उपाशीपोटी येतो. आमच्याकडे बीपीची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात, साखरेची मात्र घ्यायची नाही. पोटात अन्न नसताना ती घेतली तर रक्तातली साखर खाली जाते, माणूस बेशुद्धही पडू शकतो. डॉक्टरांनी हे मला दोनदा बजावलं होतं. म्हणून मी दोन कॉलम केले. डावीकडे हिरव्या पट्टीत 'सकाळी घ्या', खाली गोळ्यांची नावं. उजवीकडे लाल पट्टीत 'सकाळी घेऊ नका', खाली नावं. फोनवर आधी डावा कॉलम यायचा, मग त्याच्याखाली उजवा. हे सगळ्यांच्या फोनवर बघून झालं होतं.

बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन आमच्याकडेच ठरलं. मी म्हटलं, आदल्या दिवशी माझ्याकडे राहायला या. पण लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही, हा त्यांच्या घराण्याचा जुना हट्ट. चहा पितात तेच खूप. सकाळच्या गाडीनं येतो म्हणाले.

आदल्या संध्याकाळी निघता निघता डॉक्टर स्क्रीनकडे बघून म्हणाले की त्या दोन पट्ट्या एका रेषेत नाहीत, विचित्र दिसतं. खरंच होतं. मी पट्ट्या सुट्या काढून वरच्या ओळीत ठेवल्या आणि नावं खालच्या ओळीत. कॉम्प्युटरवर झकास दिसलं. घरी पाहुणे यायचे होते. फोनवर न बघताच मी दुसऱ्या दिवशीच्या दोन पेशंटना मेल पाठवून दिला. त्यातले एक बाबा. दोघांनाही बीपी आणि साखर दोन्ही.

सकाळी मी कुलूप उघडते तोच दुसरा पेशंट आपल्या बायकोबरोबर दारात हजर. खाडीकडचा, मिठागरात काम केलेला माणूस. त्यानं फोन माझ्यापुढे धरला.

"मॅडम, यात कुठली घ्याची नाय तेच कळत नाय. म्हणून एक पण नाय घेतली. ही बोलली, जाऊन इचारा."

मी बघितलं. वरच्या ओळीतल्या पट्ट्या आधी घसरल्या होत्या. हिरवी, तिच्याखाली लाल, मग दोन्ही याद्या. 'सकाळी घेऊ नका' याच्या लगेच खाली बीपीची गोळी होती. साखरेची तिच्याही खाली, डोक्यावर कुठलीच पट्टी नसलेली. वाचणाऱ्यानं काय समजायचं? बीपीची घ्यायची नाही, मग राहिली ती घ्यायची.

मी बाबांना फोन लावला. रिंग वाजत राहिली. ते फोन कापडी पिशवीत तळाशी ठेवतात आणि गाडीत त्यांना ऐकूही येत नाही. पुन्हा लावला. पाचव्यांदा लावताना बोट भलत्याच नंबरवर पडलं. सिस्टरांना सांगितलं तर त्यांनी काही न विचारता ग्लुकोजचं पाकीट आणि पाण्याची बाटली माझ्या हातात कोंबली. एवढंच म्हणाल्या की घाम, थरथर, बरळणं दिसलं तर लगेच पाजा, पण शुद्धीवर असतील तरच.

रिक्षानं स्टेशन गाठलं. गाडी अलीकडच्या कासू स्टेशनात थांबवली होती, मालगाडी पुढे सोडायची होती म्हणे. मी प्लॅटफॉर्मवर उभी होते आणि बाबा मेले असतील असं मला वाटत होतं. इतकं सरळ वाटत होतं. नागोठण्यापर्यंत ठीक असतील, मग मान खाली पडली असेल, लोकांना वाटत असेल म्हातारा झोपलाय. मी घातलेल्या चुकीच्या ओळीमुळे. देवाचं नाव घ्यायचंही मला सुचलं नाही.

गाडी आली. उतरणाऱ्यांत बाबा नव्हते. मी खिडक्यांतून बघत धावले. चौथ्या की पाचव्या डब्यात ते खिडकीशीच बसले होते, डोळे उघडे. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तोंड वळवलं. त्यांनी मला ओळखलं नव्हतं.

मी आत चढले आणि गाडी सुटली. बाबांचा सदरा पाठीला चिकटला होता, ओठ पांढरे पडले होते. समोर एक बाई टोपली घेऊन बसल्या होत्या.

"तुझे कोण लागतात गो? मगाधरनं असंच बसल्यात. मी इचारलं, बरं हाय ना, तर बोललेच नाय."

मी बाटलीत ग्लुकोज घातलं. घाईत अर्धं माझ्या साडीवर सांडलं. शेवटी त्या बाईंनीच बाटली घेऊन हलवली आणि बाबांची हनुवटी धरली. मी घोटघोट पाजलं. त्यांना गिळता येत होतं. पुढचं स्टेशन हमरापूर आलं, पण त्यांना उभं राहता येईना. त्याच्या पुढच्या जिते स्टेशनावर त्या बाईंनी एक हात धरला, मी दुसरा, आणि आम्ही उतरलो. बाईंना पुढे जायचं होतं, त्या परत गाडीत चढल्या. त्यांचे आभार मानायचे राहिलेच.

बाकावर बसून उरलेलं पाणी पाजलं. थोड्या वेळानं बाबांनी पाटी वाचली आणि जित्याला कशाला उतरलो, असं विचारलं. मी रडायला लागले. त्यांना काय झालं ते सांगितलं, माझी चूकही सांगितली.

"मला वाटलं होतं," ते म्हणाले, "उपाशीपोटी साखरेची गोळी कशी काय? पण म्हटलं, तू केलेलं आहेस, म्हणजे विचार करूनच केलं असशील. फोन करून विचारलं असतं तर तुला वाटलं असतं, बापाला भरवसा नाही."

रिक्षानं आम्ही पेणला परतलो. सिस्टरांनी साखर तपासली, बाबांना खायला दिलं. ऑपरेशन पुढे ढकललं. त्या मिठागरवाल्याला बीपीची गोळी देऊन त्याचं वेळेवर सुरू झालं होतं. ते आटोपून डॉक्टर बाहेर आले. काय घडलं ते त्यांना अर्धवटच कळलं होतं. सगळ्यांसमोर ते बाबांवर चिडले. शिकलीसवरलेली माणसं तुम्ही, म्हणाले, एवढं स्पष्ट लिहून पाठवतो, तरी चुकीची गोळी घेता? जीव गेला असता.

बाबा उठून उभे राहिले. डॉक्टर त्यांच्या विद्यार्थ्यांच्या वयाचे.

"चुकलं माझं," बाबा म्हणाले. "चष्मा न लावता वाचलं."

त्यांचा चष्मा नाकावर होता. तो काढून वाचताना मी त्यांना कधी बघितलेलं नाही. त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही, मी बोलू नये म्हणूनच. आणि मी बोलले नाही. या कामामुळे हॉस्पिटलात मला पहिल्यांदा कोणी विचारायला लागलं होतं, ते जाईल अशी भीती वाटली. डॉक्टर आणखी बोलत राहिले, वय झालं की सोबत कुणाला तरी आणावं वगैरे, आणि बाबा मान खाली घालून हो हो म्हणत राहिले.

डॉक्टर वळून निघाले तेव्हा कुठे माझ्या तोंडून शब्द फुटला. बाबांच्या पिशवीतून फोन काढून मी त्यांच्यासमोर धरला. सर, चूक यांची नाही, माझी आहे, म्हटलं. डॉक्टरांनी मेल वर खाली सरकवून बघितला, फोन बाबांच्या हातात दिला आणि त्यांची माफी मागितली. मला त्यांनी कामावरून काढलं नाही. आता प्रत्येक मेल पाच फोनवर बघितल्याशिवाय जात नाही, आणि सिस्टर न मागता फोन देतात.

बाबा त्या दिवशी माझ्यावर रागावले. मी खरं सांगितलं म्हणून नाही. जाताना स्टेशनवर एवढंच म्हणाले, "सांगायचंच होतं, तर मी बोलणी खात उभा असताना सांगायचं."