जुमाकाकांची दादा

मी "काका" अशी हाक मारली, तेव्हा ग्रंथालयातले ते गृहस्थ पुस्तकांची ढकलगाडी सोडून मोठ्यानं हसले होते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. परदेशी शिकायला आल्यावरचा, पिस्कॅटवेतला माझा पहिलाच हिवाळा. पांढऱ्या केसांच्या माणसाला नुसतं 'जुमा' म्हणायला जीभ रेटेना, म्हणून सवयीनं तोंडून 'काका' निघून गेलं. "आमच्या स्वाहिलीत काका म्हणजे थोरला भाऊ," ते म्हणाले, "मला एकदम तरुण केलंस!" नात्याचे आणखी कोणते शब्द असे फिरतात, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

जुमाकाका पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे. इंग्रजांशी लढलेल्या, 'जमीन सगळ्यांची, विहीर सगळ्यांची' म्हणणाऱ्या एका पक्षाचे जुने कार्यकर्ते. स्वातंत्र्य आलं, पक्ष सत्तेवर बसला आणि प्रश्न विचारणाऱ्या आपल्याच माणसांना त्यानं तुरुंगात टाकलं. काका निसटले. इथे दिवसा परत आलेली पुस्तकं कपाटात लावायची आणि उरलेल्या वेळात पक्षाचा इतिहास लिहायचा, हा त्यांचा दिनक्रम. "पक्षानं छापलेल्या इतिहासात रिझिकी नाही," ते म्हणत. "इंग्रजांनी निदान तुरुंगाच्या वहीत नाव लिहिलं होतं. आपल्यांनी तेही पुसलं. माझं पुस्तक त्या एका नावासाठी आहे."

डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून हस्तलिखित टाइप करायला आणि इंग्रजी सुधारायला माझ्याकडे आलं. स्वाहिलीत तो आणि ती यांना एकच शब्द. त्यामुळे काकांच्या इंग्रजीत एकच माणूस कधी 'ही' म्हणजे तो, तर कधी 'शी' म्हणजे ती. मी एकेकाचं लिंग ठरवत चाललो. रिझिकीच्या नावाआधी सगळीकडे 'दादा' लिहिलेलं; मग विचारायचं काय? माशांच्या टोपलीतून पत्रकं नेणारा, भर सभेत पुढाऱ्यांना 'झेंडा बदलला, रेशनची रांग का नाही बदलली?' असं विचारणारा दादा माझ्यासमोर झुपकेदार मिशांसकट उभाच राहिला. मी झाडून सगळीकडे 'ही' करून टाकलं.

माझा रूममेट शिरीष वैतागायचा, "यार, मिडटर्म आलीय आणि तू ह्या काकांची पार्टी काय टाइप करतोयस?" काका मात्र म्हणायचे, "हराका हराका हाइना बराका. घाईला बरकत नसते. एकदा सगळं वाचून दाखव." मी म्हटलं, "काका, डोन्ट वरी, सगळं चेक केलंय." वीस प्रती निघाल्या. एक त्यांनी ठेवली, बाकीच्या देशोदेशी विखुरलेल्या जुन्या सोबत्यांना पोस्टानं गेल्या.

महिन्याभरानं एकाचं पत्र आलं. काकांनी ते मलाच वाचायला लावलं. 'जुमा, हा रिझिकी नावाचा पुरुष कोण? आपल्या दादाचं काय केलंस?' मी गोंधळून वर पाहिलं.

"दादा म्हणजे थोरली बहीण," काका म्हणाले. "रिझिकी माझी सख्खी बहीण. आपल्यांच्याच तुरुंगात गेली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मिशांचंही मी कबूल केलं. "मिशा? तिला आवडल्या असत्या," म्हणून ते हसले आणि मग बराच वेळ चष्मा पुसत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं.

नव्या प्रती काढून द्यायचा मी शब्द दिला. फ्लॉपी माझ्याकडेच होती. पण परीक्षा आली, मग सांता क्लाराची नोकरी आली आणि फ्लॉपी माझ्याबरोबर कॅलिफोर्नियाला गेली. फोनवर दर वेळी माझं एकच, "नेक्स्ट मंथ नक्की, काका." सांगायला लाज वाटते, पण दोन वर्षांत मी ती एकदाही मशीनमध्ये घातली नाही. घाईनं केलेली चूक मी दिरंगाईनं जपली.

काका गेल्याचं ग्रंथालयातल्या एका बाईंनी कळवलं. सोबत पाकीट होतं. काकांनी माझ्यासाठी ठेवलेली त्यांची स्वतःची प्रत. पहिल्या पानापासून रिझिकीच्या प्रत्येक 'ही'च्या आधी पेन्सिलनं एकेक 'एस' जोडून त्यांनी 'शी' केली होती. त्या डोळ्यांनी एकेक ओळ कशी शोधली असेल, देव जाणे. सत्तेचाळिसाव्या पानावर पेन्सिल थांबली होती. तुरुंगाचं प्रकरण त्याच्या पुढच्या पानावर सुरू होतं.

त्या रविवारी मी उरलेल्या पानांवरचे सगळे 'एस' भरले. माझी एक प्रत दुरुस्त झाली. बाकीच्या एकोणीस प्रतींत काकांची दादा अजूनही पुरुष होऊनच मरते.