कर्सर जिथे सोडला होता

भाषांतरकारांना फाइल बंद केलेली खपत नसे. जन्मभर यंत्रांची माहितीपुस्तकं भाषांतरित करून त्यांनी घर चालवलं आणि निवृत्तीनंतर एक जाडजूड कादंबरी हौसेने हातात घेतली. तिथे त्यांची तऱ्हाच न्यारी. प्रत्येक प्रकरणाची फाइल वेगळी. वाक्य अडलं की तिथे एक कामचलाऊ वाक्य ठोकून द्यायचं, खूणबीण काही करायची नाही, फक्त ती फाइल त्याच ओळीवर उघडी ठेवून पुढचं प्रकरण घ्यायचं. कॉम्प्युटर बंद करताना त्यातला लिहिण्याचा प्रोग्रॅम, एडिटर, ही सगळी मांडामांड सेशन म्हणून जपून ठेवी आणि सकाळी प्रत्येक फाइल, प्रत्येक कर्सर जागच्या जागी हजर.

"खूण कशाला? याला माहीत आहे की सगळं," ते कौतुकाने म्हणत.

असं करत ते शेवटच्या पानापर्यंत पोहोचले. अडलेली वाक्यं तेवढी राहिली होती. आणि मेंदूचा झटका आला. हातपाय वाचले, बोलणं वाचलं, आठवणीची मात्र चाळण झाली. चहा घेतला की नाही, हेही बायकोला विचारत. पण पडदा उजळला की म्हणत, "हं, इथे अडलो होतो," आणि त्या ओळीशी झटापट सुरू. महिन्या-दोन महिन्यांत एखादं वाक्य जमे, ती फाइल बंद होई. बायको शेजारी भाजी निवडत बसे. तेवढा वेळ तिला तिचा नवरा परत मिळे.

जुनाट, रखडत्या कॉम्प्युटरपुढे बसलेल्या बापाची मुलाला दया आली. दया आली की माणसं नको तिथे हात घालतात. त्याने नवा कॉम्प्युटर आणला, फाइली त्यात उतरवल्या आणि जुना पुसून भंगारात देऊन टाकला.

"एक अक्षर गेलेलं नाही, आई."

"आणि त्या उघड्या असायच्या त्या?"

"अगं, त्यात काय, परत उघडायच्या!"

कुठल्या ओळीवर, ते कोण सांगणार? बायकोने अख्खं भाषांतर वाचून काढलं. पण त्यांची कामचलाऊ वाक्यंही इतकी नीटनेटकी, की तिला सगळंच छान वाटलं. कुठलं वाक्य खोटं आहे हे एकट्या त्यांना ठाऊक होतं आणि ते तर सगळं विसरून बसले होते.

रोज रिकामा पडदा बघून ते विचारत, "मी कुठे होतो गं?" तिचा जीव तुटे. अखेर एका सकाळी तिने शेवटचं प्रकरण उघडलं आणि कर्सर अगदी शेवटी नेऊन ठेवला.

"अहो, संपलं तुमचं. पुस्तक पुरं झालं."

तिला वाटलं, हसतील. ते खुर्चीचे हात चाचपत बसले.

"संपलं? मग मी आता करू काय?"

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा पडद्यासमोर येऊन बसले. "मी कुठे होतो गं?" तिने पुन्हा तेच सांगितलं, आणि त्यांचा चेहरा पुन्हा तसाच पडला.